शेत विकून विमान? थांबा, आधी हिशेब मांडा

बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक खरिपाच्या मशागतीचा, दुसरा पोरांच्या ॲडमिशनचा. पहिल्या हंगामाचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. बियाणे किती, खताच्या चुंगड्या किती, चिखलणीला ट्रॅक्टर किती तास लागेल, रोवणीची मजुरी कितीवर जाईल, हे कारध्याच्या कोणत्याही शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारा, तो बोटावर मोजून सांगेल. दुसऱ्या हंगामाचा हिशेब मात्र आपण परक्याच्या तोंडून ऐकतो आणि परक्याच्याच भरवशावर सही करून मोकळे होतो. फसगत होते ती इथेच.

एकेकाळी ही फसगत डीएडच्या नावाने झाली, मग इंजिनिअरिंगच्या नावाने झाली. आता नवा शब्द गावात आला आहे. पायलट! वर्तमानपत्रात पानभर जाहिरात येते, नागपूरच्या हॉटेलात मेळावा भरतो, पांढरा सदरा आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेला तरुण मंचावर उभा राहतो आणि सांगतो की देशात वैमानिकांचा दुष्काळ पडला आहे. पोरगा घरी येऊन म्हणतो, बाबा, मला पायलट व्हायचे आहे. बाप विचारतो, किती लागतात? पोरगा सांगतो, साठ लाख. आणि मग बापाची नजर आपसूक जाते ती धुऱ्यापलीकडच्या बांधीकडे.

शेतकरी बंधूंनो, स्वप्नाला आमचा विरोध नाही. धान पिकवणाऱ्याच्या पोराने विमान का चालवू नये? जरूर चालवावे. पण वैमानिक होण्याचा खर्च हा एक आकडा नसून एक शिडी आहे. तिच्या खालच्या पायऱ्या स्वस्त आहेत, वरच्या भयंकर महाग. मेळाव्यातला माणूस तुम्हाला पहिल्याच दिवशी वरच्या पायरीचे पैसे भरायला सांगतो. आमचे म्हणणे इतकेच की शिडी खालून चढावी, आणि शेत विकून तर ती मुळीच चढू नये. शिवाय या शिडीच्या बाबतीत सरकारलाही काही खडे बोल सुनावण्याची वेळ आली आहे.

हे स्वप्न आताच का?

याला कारणेही आहेत. आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. गोंदिया १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होते, तेव्हा बिरसी ही परकी गोष्ट नव्हे. पुढे हे विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेले. प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री असताना तिथे वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांची ही भागीदारी. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीची शिकाऊ विमानेही बिरसीवरून उडाली. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोची प्रवासी सेवा तिथे सुरू झाली. विमान डोक्यावरून जाऊ लागले की पोराच्या डोक्यात शिरणारच.

दुसरीकडे कंपन्यांनी विमानांची खरेदी काढली आहे. २०२३ साली एअर इंडियाने ४७० विमानांची आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचे गणित कोलमडले आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. तेव्हापासून तर एजंटांना बोलायला आणखी जोर आला आहे. त्यांचे बोलणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे ते सांगत नाहीत, ते आपण पाहू.

पैसा कुठे कुठे लागतो?

विमान कंपनीत जाण्यासाठी आधी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो. त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी सीपीएल म्हणतात. तो देते दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. वय १८ पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र व गणित हा आजवरचा नियम, वैद्यकीय तपासणीत पास, पाच-सहा लेखी परीक्षांत प्रत्येकी ७० टक्के गुण, आणि २०० तासांचे उड्डाण. या २०० तासांपैकी १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवावे लागते. लांबचे उड्डाण, रात्रीचे उड्डाण, नुसत्या यंत्रांकडे पाहून केलेले उड्डाण, हे सगळे त्यात आले.

खरा खर्च या २०० तासांचा. शिकाऊ विमानाचा तास साधारण १५ ते २० हजार रुपयांना पडतो. दोन इंजिनांच्या विमानाचा तास त्याहून बराच महाग. का महाग? विमान परदेशी, त्याचे सुटे भाग परदेशी, ठराविक तासांनंतर इंजिनाची पूर्ण दुरुस्ती सक्तीची, विमा वेगळा, शिकवणारा प्रशिक्षक वेगळा. बऱ्याच शिकाऊ विमानांना लागणारे खास पेट्रोलही वर्षानुवर्षे बाहेरून येत होते. इंडियन ऑइलने २०२२ साली ते बडोद्यात तयार करायला सुरुवात केली. म्हणजे या धंद्यात तासाचा दर फार खाली येईल अशी आशा धरू नये.

म्हणजे उड्डाणाचेच ३० ते ४० लाख झाले. त्यावर वर्गातले शिक्षण, परीक्षा, वसतिगृह, खाणावळ. जाहिरातीत कालावधी वर्ष-दीड वर्षाचा असतो. पण पावसाळ्यात ढग खाली आले, विमान दुरुस्तीला गेले, प्रशिक्षक नोकरी सोडून गेला, की दोन वर्षे आणि त्याहून जास्तही लागतात. तेवढे महिने खाणावळ आणि खोलीभाडे सुरूच राहते.

आणि परवाना हातात आला तरी प्रवासी विमानात बसता येत नाही! कंपनी जे विमान चालवते, एअरबस किंवा बोईंग, त्या विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. तेही पंधरा लाखांच्या आगेमागे जाते. मेळाव्यातल्या साठ लाखांत हे धरले आहे की नाही, हा पहिला प्रश्न विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असे येते. मोठ्या विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना आहेत, त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे येते. पण त्यांचा आकडा एक कोटीच्या घरात आणि पुढेही जातो.

आता हाच हिशेब धानाच्या मापात

लाख-कोटीचे आकडे कानावरून जातात. म्हणून आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव होता क्विंटलला २३६९ रुपये. उड्डाणाचा एक तास १६ हजारांचा धरला तर एका तासाला जवळपास ७ क्विंटल धान. पोरगा सकाळी चहा पिऊन तासभर उडून आला की तुमची ७ क्विंटलची रास संपली.

साठ लाख म्हणजे २५०० क्विंटलहून जास्त धान. पाच एकरवाला शेतकरी, एकरी १८ क्विंटल पिकले असे धरा. वर्षाचे ९० क्विंटल, हातात २ लाख १३ हजार. यातून बियाणे, खत, मजुरी, कीटकनाशक काहीच वजा केलेले नाही, घरात खायला एक पायलीही ठेवलेली नाही. तरीही साठ लाख व्हायला २८ वर्षे लागतात. आणि खरेदी केंद्रावर धान दिल्यावर चुकारे किती महिन्यांनी मिळतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आता कर्जाकडे वळू. साठ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी काढले तर नुसते व्याज महिन्याला ५५ हजार. म्हणजे २३ क्विंटल धान. एका एकराचे अख्खे पीक एका महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता बसतो ८२ हजारांच्या वर. हा हप्ता शेतीतून फिटणारा नाही. तो फक्त वैमानिकाच्या पगारातूनच फिटू शकतो. पगार सुरू झाला तर सगळे ठीक. नाही झाला तर?

बँक, सातबारा आणि सावकार

बरेच शेतकरी समजतात की सातबारा घेऊन बँकेत गेलो की शिक्षणाचे कर्ज मिळेल. तसे होत नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीएमान्य वैमानिक प्रशिक्षण बसते, हे खरे. पण साडेसात लाखांच्या वर कर्ज गेले की तारण लागते, आणि देशातल्या शिक्षणासाठी खर्चाचा ५ टक्के वाटा आपल्याला उभा करावा लागतो. साठ लाखांवर तो झाला तीन लाख.

तारण म्हणून शेत चालेल का? बँक मॅनेजर बहुधा मान हलवतो. त्यात त्याचा आकस नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने थकीत कर्जाचे तारण कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना मिळाला, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली. जे कलम तुमचे शेत वाचवते, त्याच कलमामुळे बँकेला शेत तारण म्हणून नको असते. बँक मागते अकृषक भूखंड, शहरातला फ्लॅट, मुदत ठेव किंवा विम्याची पॉलिसी. शिवाय जमीन भोगवटादार वर्ग-२ ची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. आदिवासी बांधवांच्या जमिनीला तर जमीन महसूल संहितेचे वेगळे संरक्षण आहे.

इथे एजंट पुढे सरसावतो. तो म्हणतो, काका, बँकेच्या नादी कशाला लागता, एक एकर काढून टाका, हायवेलगत आहे, भाव चांगला येईल. नाहीतर ओळखीचा माणूस आहे, दोन दिवसांत पैसे देतो. सावध राहा! कारध्याच्या आसपास महामार्गाने जमिनीला भाव आणला आहे आणि वैनगंगेच्या काठच्या गावांत गोसेखुर्दच्या मोबदल्याचे पैसे येऊन गेले आहेत. मोबदला एकदाच येतो. तो मोटारसायकलीत आणि लग्नाच्या मांडवात कसा विरघळला, हे आपण गावोगाव पाहिले आहे. आता तो विमानाच्या धुरात जायला नको. पीककर्जाचे पैसे फीकडे वळवणे हाही तसाच आत्मघात. आणि सावकाराने विनापरवाना व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते, हे लक्षात असू द्या. पण दाद मागण्याची वेळच का आणावी?

परवाना म्हणजे नोकरी नव्हे

वैमानिकांचा तुटवडा आहे हे अर्धे खरे, असे वर म्हटले. उरलेले अर्धे असे की तुटवडा मुख्यतः अनुभवी कॅप्टनचा असतो. नवा परवाना घेऊन दारात उभ्या असलेल्या पोरांचा नव्हे. २०२३ या एकाच वर्षात डीजीसीएने १६०० हून अधिक व्यावसायिक परवाने दिले. कंपनी भरती काढते तेव्हा त्यांना पुन्हा लेखी परीक्षा, मुलाखत, सिम्युलेटरवरची चाचणी. काहींना लगेच जागा मिळते, काही दोन-दोन वर्षे थांबतात. थांबताना परवाना जिवंत ठेवायला अधूनमधून उडावे लागते, त्याचेही पैसे. कर्जाला साधारण शिक्षणाचा काळ आणि त्यावर एक वर्ष सवलत असते. ते वर्ष संपले की हप्ता दार ठोठावतो.

हा धंदा आभाळासारखाच लहरी. २०१२ साली किंगफिशर बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर वेळी शेकडो अनुभवी वैमानिक एकाच दिवसात रस्त्यावर आले आणि नव्या पोरांच्या पुढे रांगेत उभे राहिले. करोनाच्या काळात तर विमानेच जमिनीवर होती. पगार चांगला आहे, इतर नोकऱ्यांच्या मानाने फारच चांगला आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण तो मिळण्याआधीच्या दोन-चार वर्षांत घर तगले पाहिजे. ऑगस्ट २०२० च्या वैनगंगेच्या पुरात ज्यांची बांधी वाहून गेली, त्यांना एका वाईट वर्षाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

स्वस्त पायऱ्या आधी चढा

मग करायचे काय? शेतीत आपण आधी मातीपरीक्षण करतो, मग खत टाकतो. इथेही तसेच करावे.

पहिली पायरी वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून आधी वर्ग-२ ची तपासणी करून घ्यावी, मग वर्ग-१ ची. काही हजारांत काम होते. रंग ओळखण्यात दोष, कानाचा, हृदयाचा किंवा साखरेचा त्रास निघाला तर स्वप्न तिथेच थांबू शकते. वाईट वाटेल, पण हजारांत थांबेल, लाखांत नाही. फी भरल्यावर दोष निघाला तर पैसे परत मिळवताना चपला झिजतात.

दुसरी पायरी लेखी परीक्षा. डीजीसीएच्या परीक्षा विमानाला हात लावण्याआधी देता येतात. दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम, तांत्रिक विषय. पुस्तके इंग्रजीत आहेत, ७० टक्क्यांची अट कडक आहे. पोरात जिद्द असेल तर घरी राहून किंवा नागपूरला खोली करून वर्षभरात पास होईल. निकालालाही मुदत असते, म्हणून फार आधी देऊन बसू नये. पण या परीक्षा पास होईपर्यंत उड्डाणाची मोठी रक्कम भरू नका. पोरगा खरोखर किती पाण्यात आहे, ते या पायरीवर कळते.

तिसरी पायरी संस्थेची निवड. डीजीसीएने २०२५ पासून उड्डाण प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. ती आधी पाहा. मग स्वतः संस्थेत जा, धावपट्टीवर उभे राहा आणि विचारा: उडण्याच्या स्थितीत विमाने किती? प्रशिक्षक किती? मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले? फी टप्प्याटप्प्याने घेता का? मध्येच सोडावे लागले तर किती परत? विमा कसला? हा शेवटचा प्रश्न दुःखद, पण आवश्यक. बिरसीहून उडालेल्या शिकाऊ विमानांना एप्रिल २०१७ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये अपघात झाले आणि दोन्ही वेळा प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक दोघांचाही जीव गेला. उत्तरे कागदावर घ्या. तोंडी आश्वासन म्हणजे पाण्यावरची रेघ.

आणखी एक गोष्ट. फीवर जीएसटी मागितला तर थांबून विचारा. डीजीसीएमान्य संस्थांचे मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रम जीएसटीतून मुक्त आहेत, असा खुलासा जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये केला आहे. साठ लाखांवर १८ टक्के म्हणजे जवळपास अकरा लाख. त्या पैशांत एक चांगला ट्रॅक्टर दारात उभा राहतो.

बिनखर्चाची वाट

वाचकहो, विमान चालवायला शिकण्याची एक वाट अशी आहे की जिथे फी भरावी लागत नाही. ती म्हणजे हवाई दल. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असले की हवाई दलाची उड्डाण शाखा खुली. प्रशिक्षणाचा भार देश उचलतो. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे. या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून चालू आहे, मुलींसाठी नाशिकला २०२३ पासून. तिथली निवड दहावीच्या वर्षी होते, म्हणून बारावीच्या निकालानंतर जागे होऊन उपयोग नाही. जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी नववी-दहावीतच ही गोष्ट पोरांच्या कानावर घालावी. मात्र ही देशसेवा आहे, पगाराच्या मोहाने धरायची वाट नव्हे. निवडही फार कठीण.

विमानतळावर वैमानिकाशिवाय इतरही कामे असतात. विमानांची हवाई वाहतूक सांभाळणारा नियंत्रक विज्ञान पदवीवर विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेतून निवडला जातो. विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याचे शिक्षण काही लाखांत होते. आणि ज्याला गावातच राहायचे आहे त्याने दहावीनंतर, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ड्रोनचा परवाना घ्यावा. धानावर तुडतुडा आणि करपा येतच राहणार, फवारणीला मजूर मिळणार नाहीत. उडणे ते उडणेच, आणि पाय बांधीतच राहतात.

बिरसी कुणाची?

आता सरकारशी बोलू. बिरसीच्या विमानतळासाठी आसपासच्या गावांनी जमिनी दिल्या. तिथल्या प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. धावपट्टीसाठी जमीन आमची, आवाज आमच्या डोक्यावर, आणि विमानात बसून शिकणारी पोरे मात्र दिल्ली-मुंबईची. भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याच्या पोराला फीचा आकडा ऐकूनच फाटकावरून परतावे लागते. याला विकास म्हणायचे का?

योजना नाहीत असे नाही. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या टॉप क्लास शिष्यवृत्तीत खासगी फ्लाइंग क्लबच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी मर्यादा ठेवलेली होती वर्षाला ३ लाख ७२ हजारांची. चाळीस-पन्नास लाखांच्या खर्चापुढे हा आकडा म्हणजे उंटाच्या तोंडात जिरे. राज्यात नागपूरच्या महाज्योतीने इतर मागास, विमुक्त व भटक्या प्रवर्गातील निवडक मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. हेतू उत्तम. पण हा क्लब सरकारी देखरेखीखालचा असूनही मध्यंतरी काही वर्षे त्याची उड्डाणे बंद होती. योजना कागदावर आणि विमान हँगरमध्ये, असे झाले की पोरांची उमेदीची वर्षे वाया जातात.

आमच्या मागण्या साध्या आहेत. बिरसीच्या प्रशिक्षणात दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलांसाठी, त्यातही प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी, काही जागा सवलतीच्या फीत राखाव्यात. लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी पास झालेल्या गरीब मुलाच्या शैक्षणिक कर्जाला शासनाने हमी द्यावी, म्हणजे शेत तारण ठेवण्याचा प्रश्नच उरणार नाही. महामंडळांच्या व्याज परतावा योजनांची मर्यादा या शिक्षणाचा खरा खर्च पाहून ठरवावी. आणि नागपूरचा क्लब बाराही महिने उडता राहील एवढी विमाने व प्रशिक्षक त्याला द्यावेत. आमच्या खासदार-आमदारांनी आणि पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीत हा विषय काढावा. उद्घाटनाचा नारळ फोडायला बिरसीला जाता, तसे आमच्या पोरांच्या जागा मागायलाही जा.

गावच्या अधिकाऱ्यांना दोन शब्द

तलाठी साहेब (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच, पोलीस पाटील, हे तुमच्यासाठी. पोराच्या शिक्षणासाठी म्हणून कुणी शेत विकायला किंवा लिहून द्यायला निघाला, तर तुमच्या दप्तरात तो सगळ्यात आधी येतो. सातबारा देताना दोन मिनिटे बसवून विचारा. कुठली संस्था? डीजीसीएची मान्यता आहे का? तपासणी झाली का? वर्ग-२ ची जमीन असेल तर त्याला स्पष्ट सांगा. स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक मिळते. ज्यांचे मिळायचे आहे त्यांचे काम अडवून ठेवू नका. बँकेत घराचा कागद दाखवता आला तर कर्जाचे बोलणे निदान सुरू तरी होते. ग्रामसभेत वर्षातून एकदा बँकेच्या अधिकाऱ्याला बोलावून शैक्षणिक कर्जाची माहिती द्यायला लावा. खर्च चहाचा, फायदा शंभर घरांचा.

आणि आयाबहिणींनो, तुम्हालाही सांगणे आहे. सातबाऱ्यावर तुमचे नाव असेल, सहहिस्सेदार असाल, तर तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा विकला जात नाही. सही करण्याआधी हा हिशेब कुणाकडून तरी वाचून घ्या. पोराच्या प्रेमापोटी डोळे मिटून अंगठा उठवू नका.

'जी, मग आमच्या पोरानं पायलट होऊच नये का?' असे कुणी विचारील. व्हावे. तपासणी पास करावी, परीक्षा पास कराव्यात, संस्था पारखून घ्यावी, नोकरी उशिरा लागली तर दोन वर्षे कर्ज कसे पेलायचे ते आधी घरच्या सगळ्यांनी बसून ठरवावे. एवढे जमत असेल तर अवश्य उडावे, आम्ही या पानावर त्याचा फोटो छापू. जमत नसेल तर एनडीए आहे, ड्रोन आहे, विमानतळावरची दुसरी कामे आहेत. विमान आज चुकले तर उद्या दुसरे येते. विकलेली बांधी मात्र कोणत्याही भावाने परत येत नाही. तिच्या धुऱ्यावर उभे राहण्याचा हक्कही जातो. निकालाच्या दिवशी पेढे वाटा, दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसा, आणि हिशेब धानाच्या मापानेच मांडा.